अमेरिकेतला ऑनलाइन नर्स प्रॅक्टिशनर कोर्स: प्रिसेप्टर आणि क्लिनिकलची जागा मिळवण्यासाठी पात्रता, कागदपत्रं आणि कामाचा क्रम

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे पेशंट तपासून निदान आणि उपचार करणारी, पुढचं शिक्षण घेतलेली नर्स. त्यासाठीच्या ऑनलाइन एमएसएनची (नर्सिंगमधल्या मास्टर्स पदवीची) थिअरी घरी बसून होते. क्लिनिकलचे तास मात्र दवाखान्यात, प्रिसेप्टरच्या (प्रत्यक्ष काम शिकवणाऱ्या अनुभवी नर्स प्रॅक्टिशनरच्या किंवा डॉक्टरांच्या) देखरेखीखाली पेशंट तपासूनच भरावे लागतात. ही जागा शोधायचं काम बरीच ऑनलाइन कॉलेजं विद्यार्थ्यावर सोडतात. मग चार ओळखीच्यांना विचारून एखाद्या डॉक्टरांचा होकार मिळाला की काम झालं असं वाटतं. होकार दोन मिनिटांत मिळू शकतो. कॉलेज आणि दवाखाना यांच्यातल्या करारावर सह्या व्हायला तीन ते सहा महिने जातात. रोटेशन (एका शाखेतला क्लिनिकलचा टप्पा) रखडतं ते बहुतेक वेळा इथेच.

फी भरण्याआधी विचारायचं

प्रिसेप्टर कोण शोधणार, कॉलेज की तुम्ही? शोधूनही मिळाला नाही तर कॉलेज काय करणार? दोन्ही उत्तरं ईमेलवर घ्या. ॲडमिशन काउन्सेलरचं फोनवरचं ‘आम्ही मदत करतो’ म्हणजे अनेकदा जुन्या दवाखान्यांची एक यादी असते. ज्या कॉलेजांचे विद्यार्थी अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत घेतात, त्यांच्यासाठी १ जुलै २०२४ पासून नियम आहे: बाकीचा आवश्यक अभ्यास पूर्ण झाल्यावर ४५ दिवसांच्या आत विद्यार्थ्याला जाण्यायेण्यासारख्या अंतरावर क्लिनिकलची संधी द्यायची. कॉलेज हे कसं पाळतं ते नेमकं विचारा.

दुसरा प्रश्न राज्याचा. तुम्ही राहता त्या राज्यात या कॉलेजला विद्यार्थी पाठवायची परवानगी आहे का? एका राज्यातल्या कॉलेजला दुसऱ्या सदस्य राज्यांत ऑनलाइन शिकवू देणाऱ्या, राज्याराज्यांमधल्या ‘सारा’ करारात कॅलिफोर्निया नाही, त्यामुळे तिथलं वेगळं पाहावं लागतं. वॉशिंग्टन राज्यात बाहेरच्या कॉलेजला तिथल्या नर्सिंग बोर्डाची मान्यता लागते. शिवाय ‘सारा’खाली एका कोर्सचे एका वेळी एका ठिकाणी जास्तीत जास्त १० विद्यार्थी. मोठ्या ऑनलाइन कॉलेजांच्या बाबतीत लोकप्रिय हॉस्पिटलमध्ये हा आकडा गाठला जाऊ शकतो.

तासांचं गणित

२०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी नर्स प्रॅक्टिशनर कोर्ससाठी थेट पेशंट तपासण्याचे किमान तास ५०० वरून ७५० केले. सिम्युलेशन लॅबचे तास यात धरत नाहीत. समजा एका सेमिस्टरला २५० तास आणि १५ आठवडे आहेत. आठवड्याला आठ तासांचे दोन दिवस धरले तर होतात २४०. म्हणजे एकही सुट्टी न घेता १० तास कमीच. त्यात थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि प्रिसेप्टरची आठवड्याभराची रजा धरली की हाती २०८. म्हणून पहिल्याच बोलण्यात ‘आठवड्याला दोन दिवस आणि महिन्यातून एखादा जादा दिवस’ असं मागावं आणि रजेच्या दिवसांत त्याच दवाखान्यात दुसरं कोण शिकवू शकेल तेही ठरवून घ्यावं. जेवणाची सुट्टी तासांत धरत नाहीत. आठ ते पाच म्हणजे आठ तास.

पात्रता

विद्यार्थ्याकडे, दवाखाना ज्या राज्यात आहे तिथे चालणारं आणि कुठलंही बंधन नसलेलं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स हवं. कॉम्पॅक्टचं (नर्सच्या लायसन्ससाठी राज्यांनी केलेल्या कराराचं) बहुराज्यीय लायसन्स असेल तर सदस्य राज्यांत चालतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत.

प्रिसेप्टर म्हणून नर्स प्रॅक्टिशनर किंवा एमडी, डीओ (अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय पदव्या) डॉक्टर चालतात. फिजिशियन असिस्टंट काही कॉलेजांना चालतो, काहींना नाही. साधारण अटी अशा: चालू लायसन्स, त्या शाखेचं बोर्ड सर्टिफिकेट, कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव. नातेवाईक किंवा तुमचा थेट वरिष्ठ सहसा चालत नाही. नोकरीच्या ठिकाणी रोटेशन करायला कॉलेजने परवानगी दिली तरी पगाराच्या वेळेत ते तास भरता येत नाहीत. नर्सचं लायसन्स ‘नर्सिस’ या वेबसाइटवर फुकट तपासता येतं; अर्ज भरण्याआधी तिथे मुदत बघून घ्या.

शोध

सरकारी एनपीआय रजिस्ट्री (डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर वगैरेंची ऑनलाइन यादी) सगळ्यांना खुली आहे. प्रकारात ‘नर्स प्रॅक्टिशनर’, त्याखाली फॅमिली किंवा पेडियाट्रिक्स आणि आपला पिनकोड टाकला की परिसरातल्यांची यादी येते. पत्ते कधीकधी जुने असतात, त्यामुळे दवाखान्याच्या साइटवर जुळवून पाहा. आधी सरकारी अनुदानावरची सामुदायिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण दवाखाने आणि लहान खाजगी प्रॅक्टिस धराव्यात. मोठी हॉस्पिटलं थेट डॉक्टरांकडून विद्यार्थी घेत नाहीत. त्यांचा प्लेसमेंट विभाग असतो आणि तिथे स्थानिक कॉलेजांचा नंबर आधी लागतो. सगळ्यात अवघड जातात ती बालरोग आणि स्त्री-आरोग्याची रोटेशन्स, म्हणून शोध तिथून सुरू करायचा, सोप्यापासून नाही.

फोन करायचा तो ऑफिस मॅनेजरला. सोमवारी सकाळी नको, आणि बालरोगाच्या दवाखान्यात ऐन फ्लूच्या दिवसांत तर नकोच. ईमेल पाच ओळींचा पुरे: कोर्सचं नाव, रोटेशनचा प्रकार, एकूण तास, सुरू आणि संपायची तारीख, कुठले वार मोकळे. सोबत एका पानाचा बायोडेटा. ‘शिकायची खूप तळमळ आहे’ वगैरे मजकूर कुणी वाचत नाही. मॅनेजरला एवढंच बघायचं असतं की मंगळवारी तपासणीची खोली रिकामी आहे का.

प्रिसेप्टरला यातून काय मिळतं तेही सांगावं. शिकवलेले तास सर्टिफिकेटच्या नूतनीकरणात धरता येतात, आणि जॉर्जिया, मेरीलँड, हवाईसारख्या राज्यांत करसवलत आहे, पण ती साधारणपणे मोबदला न घेता शिकवणाऱ्यांसाठी. पैसे घेऊन प्रिसेप्टर जुळवून देणारे मध्यस्थ एका रोटेशनला हजारांत डॉलर घेतात. काही कॉलेजांना प्रिसेप्टरला पैसे दिलेले चालत नाहीत. कॉलेजने प्रिसेप्टर नाकारला तर पैसे परत मिळतील का, हे कळल्याशिवाय कार्ड काढू नका.

करार: अडतो कुठे

अफिलिएशन ॲग्रीमेंट कॉलेज आणि दवाखाना या दोन संस्थांमध्ये होतं. अर्जात दवाखान्याचं कायदेशीर नाव लागतं, पाटीवरचं नाही. दोन वर्षांपूर्वी ती प्रॅक्टिस एखाद्या हॉस्पिटल समूहाने विकत घेतली असेल, तर करार त्या समूहाशी करावा लागतो आणि पगारी डॉक्टरांची सही तिथे कुचकामी ठरते. म्हणून पहिल्या दिवशीच विचारा: ‘करारावर सही करायचा अधिकार कुणाला आहे?’ त्यांचं नाव, हुद्दा आणि ईमेल घ्या. दुसरी अडचण नुकसानभरपाईच्या कलमाची. सरकारी विद्यापीठांना ते कलम जसंच्या तसं मान्य करता येत नाही, मग दोन्हीकडच्या वकिलांत मसुदा फिरत राहतो. आधीच चालू करार असलेलं ठिकाण मिळालं तर हे सगळं वाचतं; कॉलेजकडून ती यादी मागून घ्या. दर दोन आठवड्यांनी दोन्हीकडे विचारणा करावी. गप्प बसलेल्याची फाइल तळाशी जाते.

कागदपत्रं

प्रिसेप्टरकडून: बायोडेटा, लायसन्स, बोर्ड सर्टिफिकेट, सही केलेला प्रिसेप्टर फॉर्म. तुमच्याकडून: लायसन्स, बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण प्रशिक्षण) कार्ड, व्यावसायिक विमा (सर्रास मागितला जाणारा आकडा एका दाव्याला १० लाख आणि वर्षाला ३० लाख डॉलर), पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, हिपा (पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा) प्रशिक्षण, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बीचे टायटर (प्रतिकारशक्तीची रक्तचाचणी), १० वर्षांच्या आतला टीडॅप (धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची लस), फ्लूची लस, टीबीची तपासणी.

भारतात लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची टीबीची त्वचा चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे मागे लागतो. त्याऐवजी क्वांटिफेरॉनसारखी रक्तचाचणी मागा. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

दुसरा आपल्याकडचा घोळ नावाचा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लायसन्सवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्ममध्ये ‘पूर्वीची नावं’ या रकान्यात सगळी रूपं लिहा आणि लग्नाचा दाखला जोडा.

प्रत्येक कागदाची मुदत रोटेशनच्या शेवटच्या दिवसापलीकडे हवी. टीबीचा रिपोर्ट सेमिस्टरच्या मध्यात संपला की कागदपत्रं नोंदवलेल्या पोर्टलवर नाव लाल होतं आणि नवा रिपोर्ट येईपर्यंत दवाखान्यात पाऊल ठेवता येत नाही.

मंजुरीनंतर

कॉलेजचा लेखी हिरवा कंदील येण्याआधी भरलेला एकही तास मोजत नाहीत, प्रिसेप्टरने सही दिली तरी. सुरू झाल्यावर लॉगमध्ये पेशंटचं नाव, जन्मतारीख, केस नंबर यातलं काही लिहायचं नाही. वयोगट, निदान आणि तुम्ही काय केलं एवढंच. तासांवर सही दर शुक्रवारी घ्या. प्रिसेप्टरने मध्येच नोकरी सोडली, तर सही न झालेल्या आठवड्यांचे तास सिद्ध करायला नंतर कुणी सापडत नाही.