क्रोम बंपरची एमजीबी आणि क्रोम बंपर लावलेली एमजीबी

दर उन्हाळ्यात इंग्लंडातल्या कुणा ना कुणा ओळखीच्याचा फोटो येतो. हिरवी किंवा लाल दोन सीटची एमजी, पुढे चकचकीत पट्टी, आणि खाली एकच ओळ: "क्रोम बंपर आहे, घेऊन टाकू ना?" मी लिहितो, "बंपर क्रोमचा आहे हे दिसतंय. गाडीचं काय?" यावर दुखावलेली स्माइली येते. हेच उत्तर दरवेळी टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

हेक्टरमुळे आपल्याकडे एमजी हे नाव घरोघरी पोचलं, पण ही ती नव्हे. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनली. इंजिन 1798 सीसी, चार सिलिंडर. उघडी ती रोडस्टर, आणि 1965 पासून टप असलेली जीटी. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्याला हे पाठच असतं, त्यामुळे पुढे जाऊ.

सप्टेंबर 1974 मध्ये अमेरिकेतल्या नियमांपायी क्रोमची पट्टी गेली आणि काळं, जाडजूड नाक आलं. त्याला सगळे 'रबर बंपर' म्हणतात. ते रबर नाहीच. आत लोखंडी सांगाडा आणि वर पॉलियुरेथेन. असो, नाव चिकटलंय. रबरवाल्या गाड्या बाजारात स्वस्त जातात, क्रोमवाल्या महाग. मग काय होणार? काळं नाक उतरवायचं, क्रोमचा किट बसवायचा आणि जाहिरातीत 'क्रोम बंपर एमजीबी' असं छापायचं. अक्षर न् अक्षर खरं, आणि तरी फसवणूक.

लोक नेमके कुठे अडखळतात? त्यांना वाटतं, फरक बंपरचा आहे. फरक उंचीचा आहे. बंपर ठरावीक उंचीवर यावा म्हणून कारखान्याने सगळी गाडीच सुमारे दीड इंच उचलली. त्यासाठी पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो क्रॉसमेंबर बदलला आणि मागच्या पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) जास्त बाक दिला. वर कडी म्हणजे पैसे वाचवायला सुरुवातीच्या रबर गाड्यांवरून पुढचा अँटी-रोल बारही, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून असतो तो दांडाही, काढून टाकला. उंच झालेली गाडी, आणि वळणावरचा आधार काढून घेतलेला. पुढे 1977 च्या मॉडेलला पुढेमागे दोन्हीकडे बार देऊन ती चूक निस्तरली.

आता ज्याने नुसता बंपर बदलला, त्याने तोंड धुतलं, अंघोळ केली नाही. अशी गाडी दहा पावलं मागे जाऊन बाजूने पाहा. टायर आणि मडगार्डच्या कमानीमधली फट डोळ्यांत भरते, साडी घोट्याच्या वर नेसल्यासारखी. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. अस्सल क्रोम गाडीलाही बाजारातले नवे पाटे टाकले की मागून ती उंच दिसते. उलट रबर गाडीला पुढे आखूड स्प्रिंगा आणि मागे लोअरिंग ब्लॉक टाकले की ती बरोबर उंचीला बसते. उंची पाहून शंका घ्यायची, खात्री दुसरीकडे करायची.

नंबर प्लेटवर तर मुळीच करायची नाही. इंग्लंडात त्या काळच्या प्लेटचं शेवटचं अक्षर वर्ष सांगतं: एम म्हणजे ऑगस्ट 1973 ते जुलै 1974, एन म्हणजे त्याच्या पुढचं वर्ष. बदल झाला सप्टेंबर 1974 मध्ये, म्हणजे एन अक्षरात दोन्ही गाड्या सापडतात. शिवाय गाडी आहे त्याहून नवी भासेल अशी प्लेट लावता येत नाही, पण जुनी भासेल अशी कायद्याने लावता येते. तेव्हा एम प्लेट पाहून हुरळू नका, नोंदणीच्या कागदावरची तारीख वाचा.

चॅसी नंबरचंही असंच. 'जीएचएन 5' दिसलं की क्रोम, असं ठासून सांगणारे मला भेटलेत. जीएचएन म्हणजे रोडस्टर, जीएचडी म्हणजे जीटी, आणि तो पाचाचा आकडा 1969 च्या शरदापासून रबर बंपर आल्यानंतरही पुढे काही वर्षं चालू होता. त्यात दोन्ही आल्या. पूर्ण नंबर घ्या आणि गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. कारखान्याच्या वहीतली बांधणीची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर, सगळं कळतं. पैसे लागतात, पण चुकीची गाडी घेण्यापेक्षा कमीच.

तोवर हाताने तपासण्यासारखं बरंच आहे. सीटमागचं झाकण उचला: क्रोम गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, रबर गाडीत बारा व्होल्टची एकच. क्रोमवाल्याने नंतर एकच मोठी बॅटरी टाकलेली असू शकते, म्हणून बॅटरी मोजू नका, जागा मोजा. बॉनेट उघडा: रेडिएटर अगदी पुढे सरकलेला आणि विजेचा पंखा असेल तर शेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, 1977 च्या मॉडेलचं किंवा त्यानंतरचं असण्याचा दाट संभव. मग टॉर्च घेऊन पुढच्या मडगार्डच्या आतल्या बाजूने हेडलाइटखाली बघा. क्रोम गाडीचे इंडिकेटर तिथे मडगार्डात असतात, रबर गाडीचे बंपरमध्ये. किट बसवताना तिथे कापाकापी करावी लागते. वेल्डिंगच्या रेघा किंवा पुट्टीचा थर दिसला की उत्तर मिळालं.

डॅशबोर्ड, स्टिअरिंग, ग्रिल यांत वेळ घालवू नका, ते एका शनिवारात बदलतात. शेवटच्या वर्षांतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या सीटा मला मनापासून आवडतात, पण त्या उसवून टाकणाऱ्यांचीच संख्या जास्त.

एक मात्र स्पष्ट सांगतो. उंची नीट उतरवलेली, बार बसवलेला आणि मालकाने तोंडाने 'कन्व्हर्टेड' म्हटलेली रबर गाडी मी आनंदाने घेईन, रबरच्याच भावात. कुजलेली अस्सल क्रोम मला फुकट नको.

कारण एमजीबीला खाली वेगळा चॅसीचा सांगाडा नाही, दाराखालची सिल हाच तिचा कणा, रोडस्टरचा तर विशेषच. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि खालचा 'कॅसल' असे तिचे थर. खरी सिल पुढच्या मडगार्डच्या आत शिरते, म्हणून ती नीट बदलायची तर मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो. आळशी माणूस कुजक्यावरच नवा पत्रा ठोकतो. तो मडगार्डच्या कडेशीच संपतो, आणि वरून रंग झकास.

चाळीस वर्षं उलटलेल्या, फारशी मोडतोड न केलेल्या गाड्यांना 2018 पासून एमओटीची, म्हणजे तिथल्या दरवर्षीच्या सरकारी तपासणीची, सक्ती नाही, तेव्हा 'टेस्ट लागत नाही' हे गाडीचं कौतुक समजू नका. जुन्या चाचण्यांचे शेरे सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. 'कोरोजन' म्हणजे गंज, हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. मग मालकाची परवानगी घेऊन गाडी तिच्या स्वतःच्या जॅकिंग पॉइंटवर उचला आणि दार उघडून पुन्हा लावून बघा. मी एकदा उचलली तेव्हा दार लागलंच नाही. मालक म्हणाला, "थंडीमुळे असेल." जुलै चालू होता.