गुडघ्यालगत मोडलेलं मांडीचं हाड

मृगाचा पाऊस लागला की कोकणात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. साठी ओलांडलेली बाई तिथं घसरून गुडघ्यावर आपटली, तर मांडीचं ठिसूळ झालेलं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडायला तेवढं पुरतं. तरुणांत हेच हाड मोडतं ते महामार्गावरच्या धडकेत किंवा माडावरून पडल्यावर, आणि तेव्हा त्याचा बहुधा चुरा होतो.

या हाडाचं खालचं टोक दोन गोल उंचवट्यांत संपतं. पोटरीचा स्नायू त्यांच्याच मागून निघतो, त्यामुळे हाड मोडताच तो खालचा तुकडा मागे ओढतो. मागे गुडघ्याच्या लवणीत पायाला रक्त नेणारी धमनी असते. म्हणून सगळ्यात आधी पावलावरची नाडी बघायची. बोटं थंड, पांढुरकी पडली असतील तर रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद जिथं असतील तिथंच थेट न्यावं, मग ते गोव्यात बांबोळीला असोत की आंबा घाट ओलांडून कोल्हापूरला. रक्त बंद होऊन साधारण ६ तास उलटले की पाय वाचवणं कठीण होत जातं. नेताना कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत फळी बांधावी. चोळणं, ओढणं मुळीच नको.

साध्या एक्स-रेत एक भेग बरेचदा निसटते. उंचवट्याचा मागचा भाग उभा कापला जातो, पण समोरून तो बाकीच्या हाडाच्या सावलीत लपतो. याला होफा फ्रॅक्चर म्हणतात. सांध्यापर्यंत भेग गेल्याची शंका असेल, तर सीटी स्कॅन आमच्या मते टाळूच नये. बाहेरच्या बाजूनं लावलेल्या प्लेटचे स्क्रू या भेगेला समांतर जातात, म्हणून ते तिला आवळू शकत नाहीत. तिच्यासाठी पुढून मागे जाणारे वेगळे स्क्रू लागतात.

शस्त्रक्रियेत आधी सांधा, मग हाडाचा लांब दांडा. सांध्याचे तुकडे तारांनी तात्पुरते जुळवून स्क्रूंनी घट्ट आवळतात. पृष्ठभागावर २ मिलिमीटरची पायरीही राहू नये हे लक्ष्य, कारण झिजलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही.

दांड्याचा नियम उलटा. तिथं चुरा उघडून एकेक तुकडा जुळवत बसलं, तर त्यांचा रक्तपुरवठाच तुटतो. म्हणून लांब लॉकिंग प्लेट (जिच्या भोकांतच स्क्रूची डोकी घट्ट बसतात) स्नायूखालून सरकवतात आणि दांड्यावरच्या निम्म्याहून कमी भोकांत स्क्रू घालतात. किंचित हालचाल राहिली की नवं हाड धरतं. सगळी भोकं भरून जोड फार ताठ केला, तर हाड जुळत नाही आणि पावलागणिक वाकणारी प्लेट काही महिन्यांनी तुटते. लोक धातूला दोष देतात, पण मूळ बहुधा न जुळलेल्या हाडात असतं. आतल्या बाजूचा आधारच गेला असेल तर त्या बाजूनं दुसरी प्लेट, किंवा प्लेटच्या जोडीला रॉड घालावा लागतो.

आणखी एक चूक नेहमीची. या टोकाची आतली भिंत सुमारे २५ अंश उतरती असते. त्यामुळे समोरच्या एक्स-रेत बरोबर वाटणारा स्क्रू प्रत्यक्षात बाहेर डोकावतो आणि गुडघा वाकवताना टोचत राहतो.

जोड पक्का असेल तर गुडघा वाकवणं काही दिवसांतच सुरू करतात, नाहीतर तो आखडतो. पूर्ण भार टाकायला बहुधा ६ ते १२ आठवडे, क्वचित जास्तही लागतात. तोवर कमोडची खुर्ची आणि वॉकर घरात हवाच. रुग्ण मिश्री लावत असेल तर तेही डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगावं. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि हाड जुळायला उशीर लागतो.