पार्श्वभूमी : सरपंचपदाचे फिरते आरक्षण आणि शाळेतल्या मुली

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तालुक्याच्या ठिकाणी निघते, तेव्हा चिठ्ठी उचलायला बहुधा एखादे शाळकरी मूल बोलावतात. टेबलावर पारदर्शक बरणी, तिच्यात सारख्या घड्यांच्या चिठ्ठ्या, समोर महसूल अधिकारी आणि गावोगावचे पुढारी. मूल हात घालते, गावाचे नाव पुकारले जाते आणि पुढची पाच वर्षे त्या गावचे सरपंचपद महिलेसाठी राखीव होते. आरक्षण किती टक्के असावे, यावर आपल्याकडे भरपूर बोलले गेले. एका गावात ते किती काळ टिकावे, हा प्रश्न मात्र मागेच पडला. गावातल्या मुलींच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

मुंबई इलाख्यात काही स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला तो १९२१ च्या सुमारास. स्वातंत्र्यानंतर पंचायतींमध्ये एक-दोन स्त्रिया घेण्याची तरतूद होती, पण ती बहुतेक ठिकाणी सहीपुरतीच राहिली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेतकरी चळवळीतल्या महिला आघाडीने काही गावांत संपूर्ण महिलांची पॅनेल उभी केली. जळगाव जिल्ह्यातले विटनेर आणि यवतमाळमधले मेटीखेडा ही त्यांतली ठळक नावे. राज्याने १९९० मध्ये ३० टक्के जागा राखीव केल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, तिच्यामुळे किमान एक तृतीयांश जागा आणि तितकीच प्रमुख पदे राखीव झाली. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. म्हणजे नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत पाच महिला आणि राज्यातल्या सुमारे २८ हजार सरपंचपदांपैकी निम्म्यावर महिला.

यातल्या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. सदस्यांचे आरक्षण प्रभागावर पडते आणि ते गावातच ठरते. सरपंचपदाचे आरक्षण तालुका पातळीवर, अनेक ग्रामपंचायती एकत्र धरून काढतात. मुलांवर होणाऱ्या परिणामाचा जो पुरावा हाती आहे, तो दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे गावाच्या प्रमुखपदाचा आहे.

तो पुरावा पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातून आला. तिथे प्रधानपदाचे, म्हणजे आपल्याकडच्या सरपंचपदासारख्या पदाचे, एक तृतीयांश आरक्षण यादृच्छिक पद्धतीने पडत होते. त्यामुळे काही गावांत १९९८ आणि २००३ असे दोन्ही वेळा महिला प्रधान आल्या, काही गावांत एकदाच, तर काहींत एकदाही नाही. अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने ४९५ गावांतल्या ११ ते १५ वयाच्या सुमारे साडेआठ हजार मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना गाठले. किती शिकायचे, लग्न कधी करायचे, पुढे कोणते काम करायचे, गावाचा प्रमुख व्हायला आवडेल का, असे प्रश्न विचारले. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दलच्या आकांक्षांमधली दरी, आरक्षण कधीच न पडलेल्या गावांच्या तुलनेत, दोनदा आरक्षण पडलेल्या गावांत पालकांच्या बाबतीत २० टक्क्यांनी आणि खुद्द मुलामुलींच्या बाबतीत ३२ टक्क्यांनी कमी झाली होती. शिक्षणातले अंतर तर मिटलेच होते. मुलींचा घरकामात जाणारा वेळही घटला होता. तरुण स्त्रियांसाठी गावात नव्या नोकऱ्या आल्या होत्या, असे काही दिसले नाही. त्यामुळे बदलाचे मुख्य कारण एकच उरले : गावाचा कारभार एक बाई चालवते, हे रोज दिसणे.

एकदाच आरक्षण पडलेल्या गावांत मात्र हा बदल असा ठळक दिसला नाही. त्याच जिल्ह्यातल्या आधीच्या अभ्यासाने त्याचे कारण सुचवले होते. पहिल्यांदा आलेल्या महिला प्रधानाचे काम चांगले असले, तरी गावकरी तिला कमी गुण देत. दुसऱ्या खेपेला ही अढी उरत नसे, आणि दोनदा आरक्षण पडून गेलेल्या ठिकाणी महिला त्यांच्यासाठी राखीव नसलेल्या जागांवरूनही जास्त संख्येने निवडून येत.

महाराष्ट्राचा पेच इथून सुरू होतो. प्रमुखपदांचे आरक्षण वेगवेगळ्या पंचायतींमध्ये आळीपाळीने फिरले पाहिजे, असे घटनेचा अनुच्छेद २४३-घ सांगतो. किती वर्षांनी फिरावे, हे मात्र सांगत नाही. तमिळनाडूने ते सलग दोन मुदती, म्हणजे दहा वर्षे एकाच ठिकाणी ठेवण्याचा नियम केला. महाराष्ट्राने दर मुदतीला फिरवण्याचा मार्ग धरला. आधी अनुसूचित जाती-जमातींची पदे लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने ठरतात, मग नागरिकांच्या मागास प्रवर्गाची, आणि मग प्रत्येक प्रवर्गातली निम्मी पदे महिलांसाठी काढतात. मागच्या वेळी महिला राखीव नसलेल्या ग्रामपंचायती आधी धरायच्या. कमी पडल्या किंवा जास्त झाल्या तर चिठ्ठी.

उदाहरणार्थ, तालुक्यात खुल्या प्रवर्गाची ६० पदे आहेत आणि त्यांतली ३० महिलांना द्यायची आहेत. त्यांपैकी मागच्या वेळी महिला राखीव नसलेली २७ असली, तर ती २७ थेट जातात आणि उरलेल्या ३३ मधून तीन चिठ्ठ्या काढतात. सलग दोन मुदती महिला सरपंच मिळते ती या तीनच गावांना. मागच्या वेळी महिला राखीव नसलेल्या ग्रामपंचायती ३२ असल्या, तर त्यांतली दोन गावे सलग दुसऱ्या मुदतीतही महिला आरक्षणाविना राहतात. त्यातच जातीचा प्रवर्ग बदलला की गाव वेगळ्या गटात जाते आणि आधीची पाळी विस्कटते.

आता हे शाळेच्या वर्षांशी जुळवून पाहा. पहिली ते दहावी म्हणजे दहा वर्षे, ग्रामपंचायतीच्या दोन मुदती. बंगालच्या मुलींमध्ये जो बदल दिसला, तो दोन्ही मुदतींत महिला असताना. आपल्या पद्धतीत बहुतेक मुलींच्या वाट्याला त्यांतली एकच मुदत येते. फिरत्या आरक्षणाच्या बाजूने मुद्दा आहे, तो असा की संधी सगळ्या गावांना मिळावी आणि कुणाचीही वाट कायमची अडू नये. तो मान्य करूनही दहा वर्षांची मुदत हाच जास्त न्याय्य मार्ग आहे. संधी तेव्हाही सगळ्यांना मिळते, फक्त पाच वर्षे उशिरा. आणि महिला सरपंचाला काम शिकून ते दाखवायला वेळ मिळतो.

वेळ कमी पडतो त्याला दुसरेही कारण आहे. महिला सरपंचाविरुद्धच्या अविश्वास ठरावाला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, म्हणून विरोधक अपात्रतेच्या अर्जाकडे वळतात. सरकारी जागेवर कुटुंबाचे अतिक्रमण, १२ सप्टेंबर २००१ नंतरचे तिसरे अपत्य, अशी कारणे जिल्हाधिकाऱ्यांपुढे नेली जातात. जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाला सासूबरोबर अतिक्रमित जागेत राहत असल्याच्या आरोपावरून काढले गेले. आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले. एक बाई सरपंच झाली, हे गावकऱ्यांना पचले नाही, अशा आशयाचे स्पष्ट निरीक्षण न्यायालयाने नोंदवले. पण खालपासून वरपर्यंत प्रकरण लढण्यात मुदतीची वर्षे खर्ची पडतात.

काम दिसण्यात अडथळा येतो तो बहुधा खर्चाच्या व्यवहारात. पूर्वी धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या लागत. आता वित्त आयोगाच्या निधीसाठी दोघांची डिजिटल स्वाक्षरी लागते. सरपंचाचे डोंगल, म्हणजे डिजिटल स्वाक्षरी करण्याचे पेनड्राइव्हसारखे उपकरण, आणि त्याचा पासवर्ड नवऱ्याकडे किंवा संगणक परिचालकाकडे राहिला, तर बाईंना न विचारता पैसे वळते होतात. गावाला हे कळायला वेळ लागत नाही, मुलांनाही नाही. ध्वजारोहणाला दोरी बाई ओढतात आणि ग्रामसभेत उत्तरे त्यांचे यजमान देतात, असे चित्र असेल तर मुलींपुढे आदर्श उभा राहत नाही. डोंगल स्वतःकडे ठेवणे, प्रत्येक देयक वाचून मगच स्वाक्षरी लावणे आणि ग्रामसभेचा अहवाल स्वतः वाचणे या तीन गोष्टी नव्या महिला सरपंचांच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी यायला हव्यात.

गेल्या दहा वर्षांत राज्याने निवडीची रीतच वारंवार बदलली. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांमधून, २०२२ मध्ये परत थेट. जानेवारी २०२१ मध्ये १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुकीत सरपंचपदाची सोडत मतदानानंतर काढली गेली. पद महिलेला जाणार हे आधी माहीत नसल्याने पॅनेलमध्ये सक्षम बाई उभी करण्याचा विचार अनेक गावांनी केलाच नाही. जिल्हा परिषदांची स्थिती आणखी वाईट होती. मागास प्रवर्गाच्या आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि २०२२ पासून त्यांतल्या बहुतेकांवर प्रशासक बसले. त्या काळात पाचवीतली मुलगी आठवीत गेली, आणि तिच्या जिल्ह्यात लोकांनी निवडून दिलेली एकही महिला जिल्हा परिषद सदस्य नव्हती.

वरच्या पातळीवर २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. एक तृतीयांश आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये संमत झाली, तेव्हा तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी जोडली गेली. राखीव मतदारसंघ तिथेही फिरतेच राहणार आहेत, पण ते प्रत्येक फेररचनेनंतर. ग्रामपंचायतींसाठी २०२५ ते २०३० या कालावधीची सोडत जुन्याच पद्धतीने निघाली आहे. सरपंचपद दोन मुदतींसाठी राखीव ठेवायचे, तर त्यासाठी घटना बदलावी लागणार नाही. राज्याच्या कायद्यात आणि नियमांत दुरुस्ती करावी लागेल, आणि तीही २०३० ची सोडत निघण्याआधी.