इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठी हिपॅटायटिस सीची मोफत तपासणी व उपचार : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमांतर्गत २०१८ पासून हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. सुई किंवा सिरिंज एकदाही वाटून घेतलेली व्यक्ती तपासणीस पात्र आहे. सुई वेगळी असली तरी चमचा, कापूस किंवा पाणी एकच असेल तर रक्तातील विषाणू त्यातूनही पसरतो. उपचारांसाठी आधी नशा सुटलेली असलीच पाहिजे, ही समजूत चुकीची असून तिच्यामुळे अनेक जण ओपीडीच्या दारातूनच परत फिरतात.

मुंबईत केईएम, शीव किंवा नायर यांसारख्या पालिका रुग्णालयात केसपेपर काढून हिपॅटायटिस उपचार केंद्राची चौकशी करावी. इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत नाव नोंदलेले असल्यास तेथील कार्यकर्त्याला सोबत न्यावे, म्हणजे निम्मी धावपळ वाचते. ओळखपत्र, पूर्वीचे अहवाल आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या जवळ ठेवाव्यात. ओळखपत्र नसेल तर घरी न थांबता केंद्रावर तसे स्पष्ट सांगून पुढे काय करायचे ते विचारावे.

खरी गफलत होते ती अहवालात. पहिल्या तपासणीत केवळ प्रतिपिंडे (विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, अँटीबॉडीज) दिसतात आणि ती बरे झाल्यावरही रक्तात राहतात. विषाणू आज शरीरात आहे की नाही, हे रक्तात थेट विषाणू शोधणाऱ्या आरएनए चाचणीवरूनच ठरते. त्यामुळे पहिला अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून खचू नये आणि दुसरी चाचणी झाल्याशिवाय प्रकरण मिटले असेही समजू नये. यकृताची स्थिती पाहून डॉक्टर गोळ्या ठरवतात. सिरोसिस (यकृत घट्ट होऊन कायमचे खराब होणे) नसल्यास सोफोसबुवीर व डॅक्लाटासवीर साधारणपणे १२ आठवडे देतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असल्यास ते आधीच सांगणे अत्यावश्यक आहे, कारण त्यामुळे या गोळ्यांचा परिणाम घटतो. एचआयव्हीची औषधेही लपवू नयेत. हिपॅटायटिस बीची चाचणीही याच वेळी करून घ्यावी, कारण सीच्या उपचारादरम्यान शरीरात दबलेला हिपॅटायटिस बीचा विषाणू उसळू शकतो.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी होते; तीत विषाणू आढळला नाही, तरच रुग्ण बरा झाला असे धरतात. या आजारावर लस नाही आणि एकदा बरे झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते. म्हणून नवीन सुया देणाऱ्या केंद्राशी किंवा नशेच्या इंजेक्शनऐवजी ब्युप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध देणाऱ्या ओएसटी केंद्राशी संबंध उपचार चालू असतानाही तोडू नये, आणि सोबत इंजेक्शन घेणाऱ्यांनाही तपासणीसाठी आणावे.