हवामान बदलाच्या जागतिक अहवालावर कोकणातून अभिप्राय कसा नोंदवायचा: पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

आयपीसीसीच्या अहवालाच्या मसुद्यावर लेखी अभिप्राय द्यायला दिल्लीतली ओळख लागत नाही, शिफारसपत्र लागत नाही, शुल्कही नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठात हापूसच्या मोहरावर पीएचडी करणारी विद्यार्थिनी, रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातले प्राध्यापक, खारभूमीच्या नोंदी ठेवून त्या प्रसिद्ध करणारी अलिबागकडची एखादी संस्था, या सगळ्यांना तो देता येतो. आपल्या किनाऱ्याबद्दल जगाच्या अहवालात काय छापलं जातं, यावर बोलायची ही अधिकृत वाट आहे आणि ती आपल्याकडे फारच कमी जणांना ठाऊक आहे. म्हणून ही माहिती.

आधी हा अहवाल तयार कसा होतो ते पाहू

आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरचं आंतरसरकारी मंडळ. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी ते १९८८ साली स्थापन केलं. आज १९५ देश त्याचे सदस्य आहेत, त्यात भारतही आहे. हे मंडळ स्वतः संशोधन करत नाही. जगभर प्रसिद्ध झालेलं संशोधन वाचायचं, पारखायचं आणि कोणती गोष्ट किती खात्रीची आहे हे सरकारांपुढे मांडायचं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी तीन कार्यगट आहेत. पहिला हवामानाच्या भौतिक विज्ञानाचा, दुसरा परिणाम आणि जुळवून घेण्याचा, तिसरा उत्सर्जन कमी करण्याचा. कोकणातल्या बहुतेकांचा विषय दुसऱ्या गटात येतो. समुद्राची पातळी, पाऊस, वादळं यांचा अभ्यास असेल तर पहिल्या.

अहवालाची रूपरेषा सरकारांच्या बैठकीत मंजूर होते. मग लेखकांची नावं मागवली जातात आणि निवड होते. लेखकांनी केलेला पहिला मसुदा तज्ज्ञांपुढे ठेवतात. त्यांचे अभिप्राय विचारात घेऊन दुसरा मसुदा होतो, तो तज्ज्ञ आणि सरकारं अशा दोघांकडे जातो. प्रत्येक अभिप्रायाला लेखकांनी लेखी उत्तर द्यायचं असतं, आणि ते नीट दिलं जातंय की नाही हे पाहायला प्रत्येक प्रकरणाला किमान दोन पुनरावलोकन संपादक नेमलेले असतात. सहाव्या अहवालाच्या पहिल्या कार्यगटात २३४ लेखक होते, १४,००० हून अधिक संदर्भ तपासले गेले आणि ७८,००७ अभिप्राय आले.

शेवटी धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारी प्रतिनिधींसमोर ओळीओळीने वाचला जातो. एकेका शब्दावर तासन् तास चर्चा चालते. सरकारं शब्दरचना बदलायला सांगू शकतात, पण मूळ प्रकरणात आधार नसलेलं विधान सारांशात घालता येत नाही. ते पाहायला लेखक त्याच बैठकीत असतात. त्यामुळे खरी लढाई मूळ प्रकरणात आहे, आणि तिथे आपल्याला शिरकाव मसुद्याच्या टप्प्यावरच मिळतो.

मुदतीचं महत्त्व इथे कळतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. चारच दिवसांनी, २६ जुलैला, पहिल्या कार्यगटाच्या सारांशाचं ओळीओळीचं वाचन ऑनलाइन सुरू झालं आणि ९ ऑगस्टला अहवाल बाहेर आला. त्यात चिपळूण असणं शक्यच नव्हतं, कारण त्या अहवालात घेण्यासाठी शोधनिबंध ३१ जानेवारी २०२१ पर्यंत स्वीकारला गेलेला असायला हवा होता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळालाही जेमतेम आठ महिने मिळाले. निबंध लिहून, तपासून, स्वीकारला जायला एवढा वेळ बहुतेकदा पुरत नाही. म्हणून घटना घडली की त्याच वर्षी तिच्यावर लिहायला बसावं, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

पात्रता

वयाची, पदवीची किंवा नोकरीची सक्तीची अट नाही. विषयातली जाणकारी तुम्ही स्वतः जाहीर करायची असते. अर्थात, फॉर्ममध्ये तुमचा विषय, संस्था आणि संबंधित प्रकाशनं विचारतात, आणि त्यावरून तुमची नोंदणी पाहिली जाते. नुसती आवड पुरेशी नाही. ज्या प्रकरणावर बोलणार त्या विषयात तुम्ही काम केलेलं दिसलं पाहिजे. ते काम विद्यापीठातलंच असलं पाहिजे असं नाही.

कागदपत्रं

आधार, अधिवास दाखला, साक्षांकित प्रती यातलं काहीही लागत नाही. चालू ई-मेल, संस्थेचं नाव, तुमच्या विषयाबद्दल दोन-चार ओळी आणि प्रकाशनांची यादी तयार ठेवा. प्रकाशनं फार असतील तर त्या प्रकरणाशी थेट जोडलेलीच द्या. सगळं इंग्रजीत. इंग्रजी कच्चं वाटत असेल तर महाविद्यालयातल्या कोणाला तरी शेजारी बसवा, पण तेवढ्यासाठी मागे हटू नका. साध्या, छोट्या वाक्यांतलं इंग्रजी इथे उत्तम चालतं.

नोंदणी आणि अभिप्राय

मसुदा खुला झाल्याची सूचना आयपीसीसीच्या संकेतस्थळावर येते. साधारण सहा ते आठ आठवडे मिळतात. लक्षात ठेवायची गोष्ट ही की नोंदणी अभिप्रायाच्या शेवटच्या तारखेच्या काही दिवस आधीच बंद होते, त्यामुळे सूचना आली की पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा. नोंदणी मान्य झाली की मसुदा उतरवून घेता येतो. हा मसुदा गोपनीय असतो. त्यातलं वाक्य व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही, स्थानिक वर्तमानपत्राला द्यायचं नाही, भाषणात वापरायचं नाही. अंतिम अहवालात ते वाक्य पार बदललेलं असू शकतं आणि अर्धवट गोष्ट गावभर झाली तर नुकसान आपलंच आहे.

अभिप्राय तक्त्यात भरायचे असतात: पान, ओळ कुठून कुठपर्यंत, आणि मजकूर. अख्खा अहवाल वाचायची गरज नाही. एक प्रकरण घ्या, त्यातला आशियाचा किंवा किनारपट्टीचा भाग घ्या.

समजा मसुद्यात असं वाक्य आहे, ‘अरबी समुद्रातील वादळे प्रामुख्याने गुजरात व ओमानकडे जातात.’ (हे वाक्य मी उदाहरणासाठी रचलं आहे.) यावर तुम्ही ‘कोकणाकडे दुर्लक्ष झालं आहे’ एवढंच लिहिलंत, तर लेखक ‘नोंद घेतली’ म्हणतील आणि वाक्य तसंच राहील. त्याऐवजी असं लिहा: ‘पान ४१, ओळ १२ ते १४. निसर्ग हे चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. वाक्यात महाराष्ट्राचा किनारा समाविष्ट करावा. आधार:’ आणि पुढे शोधनिबंधाचा पूर्ण संदर्भ. कुठे, काय चुकलं, काय हवं, कशाच्या बळावर, या चार गोष्टी असल्या की लेखकाला कारण दिल्याशिवाय तो अभिप्राय बाजूला ठेवता येत नाही. अहवालानंतर सगळे अभिप्राय आणि त्यांची उत्तरं प्रसिद्ध होतात, पुनरावलोकन करणाऱ्यांची नावंही अहवालात छापली जातात. मानधन नसतं.

आधार कशाचा चालतो

नियतकालिकातला, तपासून छापलेला शोधनिबंध सगळ्यात भक्कम. सरकारी किंवा संस्थांचे अहवालही चालतात, पण ते इतरांना तपासायला उपलब्ध हवेत आणि त्यांचा दर्जा लेखकांनी पारखायला हवा. वर्तमानपत्रातली बातमी, समाजमाध्यमावरची पोस्ट, तोंडी माहिती हे वैज्ञानिक आधार म्हणून चालत नाही. हा नियम काहींना जाचक वाटेल, मला तो योग्यच वाटतो. २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचं विधान अशाच नीट न तपासलेल्या आधारावर गेलं होतं. २०१० मध्ये मंडळाला चूक मान्य करावी लागली, आणि पुढे चुका हाताळण्याची लेखी पद्धत ठरली.

कोकणाची अडचण नेमकी इथे आहे. आपल्याकडे माहिती भरपूर आहे, पण ती तलाठ्याच्या पंचनाम्यात, मच्छीमार सोसायटीच्या वहीत आणि शेतकऱ्याच्या आठवणीत आहे. उधाणाचं पाणी खारबंदिस्तीवरून (खारं पाणी अडवणाऱ्या बांधावरून) आत आलं, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) मोडली, पुढची काही वर्षं भात पिकलं नाही, हे गावातला प्रत्येकजण सांगेल. तारीख, वेळ, बांधावर पाणी कुठवर चढलं त्याची मोजलेली खूण, शेताच्या मातीतल्या क्षारांची तपासणी, एवढं कोणी नीट लिहून ठेवलं आणि पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र किंवा जवळच्या महाविद्यालयासोबत प्रसिद्ध केलं, तरच ते अहवालाच्या लेखकापर्यंत पोचतं.

तयार आधार हवा असेल तर केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा भारतापुरता मूल्यांकन अहवाल वापरा. तो पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झाला. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलीमीटरने वाढली, १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या खोऱ्यासोबत पश्चिम घाटातही ठळक आहे, असं त्यात नोंदवलं आहे.

लेखक व्हायचं असेल तर

ती वाट वेगळी. तिथे स्वतः अर्ज करता येत नाही. नाव देशाच्या संपर्क यंत्रणेकडून, म्हणजे आपल्याकडे पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाकडून, किंवा मान्यताप्राप्त निरीक्षक संस्थेकडून जावं लागतं. सोबत परिचयपत्र लागतं. याचंही मानधन नाही, पण विकसनशील देशांतल्या लेखकांच्या प्रवासाचा खर्च मंडळाच्या निधीतून होतो. पीएचडी करणाऱ्यांसाठी मंडळाची शिष्यवृत्तीही आहे. मंडळाला मिळालेल्या २००७ च्या शांततेच्या नोबेल पुरस्काराच्या रकमेतून ती सुरू झाली.

सातव्या अहवालाचं चक्र जुलै २०२३ मध्ये सुरू झालं आहे. संकेतस्थळावरच्या सूचना ई-मेलवर येतील अशी नोंद आजच करून ठेवा, आणि या पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी बांधावर मोजपट्टी आणि वही घेऊन जा.