मोज्यांची बैठक आणि रंगाचं पातेलं

पातेल्यातलं गर्द जांभळं पाणी हळूहळू फिकं होत जातं. अर्ध्या-पाऊण तासाने बघावं तर जवळजवळ नितळ, चमचा बुडवला तर तळाशी दिसावा असं. रंग सगळा लोकरीत उतरलेला असतो. पहिल्यांदाच बघणारी मैत्रीण हमखास झाकण पुन्हा पुन्हा उघडते आणि गॅसपाशी उभी असलेली तिच्यावर ओरडते, कारण तेवढ्याने आतली धग कमी होते.

चार-पाच जणींनी एखाद्या रविवारी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमून पांढऱ्या लोकरीच्या लड्या रंगवायच्या आणि मग पुढचे दोन-तीन महिने त्याच लोकरीचे मोजे विणत गप्पा मारायच्या, हा बेत युरोप-अमेरिकेत चांगलाच रुळलाय, थोडाफार आपल्याकडेही. बघणाऱ्याला वाटतं, पणजीच्या काळातली रीत परत आली. ते निम्मंच खरं आहे. घोळक्याने मोजे विणणं जुनं आहे. रंगवणं मात्र बराच काळ वेगळ्या माणसांचं, वेगळ्या वस्तीतलं काम होतं. ते मोज्यांच्या शेजारी येऊन बसलं, त्याला फार वर्षं झालेली नाहीत.

मोजा आणि रंग यांची गाठ मात्र प्राचीन आहे. इजिप्तमधल्या अँटिनोपोलिस या रोमनकालीन शहराच्या उकिरड्यात लहान मुलाचा डाव्या पायाचा एक मोजा सापडला. इसवी सन ३०० च्या आसपासचा, पट्ट्यापट्ट्यांचा, चपलेचा पट्टा बसावा म्हणून अंगठा वेगळा ठेवलेला. ब्रिटिश म्युझियमने त्यावर वेगवेगळ्या प्रकारचा प्रकाश टाकून छायाचित्रं घेतली, तेव्हा कळलं की त्यातले सगळे रंग फक्त तीन वनस्पतींपासून साधलेत: लाल मंजिष्ठेच्या युरोपीय भावंडापासून, निळा वोड नावाच्या झाडाच्या पानांपासून आणि पिवळा वेल्ड या रानझुडपापासून. बाकीचे रंग यांच्याच सरमिसळीचे. पोराचा मोजा, तोही शेवटी उकिरड्यावर गेलेला, आणि त्यासाठी एवढा खटाटोप! अर्थात हे आपलं दोन सुयांवरचं विणकाम नव्हे. एकाच जाड सुईने, तुकड्या-तुकड्याच्या धाग्याने गाठी घेत जाण्याची ती पद्धत होती. खऱ्या विणकामाचे जुने नमुनेही इजिप्तमधलेच आहेत, पण बऱ्याच नंतरचे, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले. कैरोजवळच्या फुस्तात इथे मिळालेले हे तुकडे सुती आहेत, पांढऱ्यावर निळीच्या रंगाची नक्षी असलेले. त्याच फुस्तातच्या मातीतून गुजरातेत छापलेलं कापडही निघालंय.

आता घोळक्याचं बघू. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर डेल्स या डोंगराळ भागात डेंट नावाचं गाव आहे. अठराव्या शतकात तिथलं सगळं गाव, बाया, बापे आणि पोरं, लांब मोजे विणून पोट भरायचं. विणकरांची ख्याती अशी की त्यांना म्हणायचेच 'डेंटचे भयंकर विणकर'. भयंकर म्हणजे आपण 'भयंकर आवडलं' म्हणतो, त्या अर्थाने. कमरपट्ट्यात खोचलेल्या लाकडी दांड्यात एका सुईचं टोक अडकवायचं, म्हणजे हात मोकळा राहतो आणि वेग वाढतो. हिवाळ्याच्या रात्री शेजारीपाजारी पाळीपाळीने एकाच घरी जमायचे. कारण साधं होतं. पाच घरांत पाच चुली आणि पाच मेणबत्त्या जाळण्यापेक्षा एकीवर भागवलेलं बरं. शेकोटीच्या उजेडात गाणी, गोष्टी, गावातल्या उखाळ्यापाखाळ्या चालायच्या आणि हात थांबत नसत. डार्विनला भूगर्भशास्त्राचे धडे देणारे अ‍ॅडम सेजविक याच गावात १७८५ साली जन्मले, आणि म्हातारपणी त्यांनी या बैठकांच्या आठवणी मोठ्या जिव्हाळ्याने लिहून ठेवल्या.

पण जिव्हाळा त्यांना होता, सगळ्यांना नव्हता. कवी रॉबर्ट साउदी यांच्या एका पुस्तकात बेट्टी यूडेल या बाईची तिच्याच बोलीतली हकिगत आहे. सात-आठ वर्षांची बेट्टी आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान बहीण, दोघींना लँगडेलहून डेंटला विणकाम शिकायला पाठवलं होतं. उठल्यापासून निजेपर्यंत विणणं. पोरींना घरची इतकी ओढ लागली की कुणाला न सांगता दोघी ऐन थंडीत पायी निघाल्या आणि वाटेत मागून खात घरी पोचल्या. आज कुणी 'किती छान, शांत वाटतं ना विणताना' म्हणालं की मला या दोघी आठवतात.

आणि हे सगळं विल्यम ली या इंग्रजाने १५८९ साली मोजे विणायचं यंत्र बनवलं, त्यानंतरचं. यंत्र आलं तरी डोंगरातले हात त्याहून स्वस्त पडत होते, म्हणून सुया आणखी दोनशे वर्षं टिकल्या.

मोज्यांच्या बैठका पुन्हा भरल्या त्या पहिल्या महायुद्धात. १९१४ च्या शरद ऋतूत राणी मेरीने सैनिकांसाठी ३ लाख जोड मोज्यांचं आवाहन केलं, आणि शाळा, चर्च, दिवाणखाने सुयांच्या आवाजाने भरून गेले. खंदकांतल्या चिखलाने पाय सडत होते, कोरडा मोजा म्हणजे औषधच. बोटांपाशी जाड शिवण राहिली की पायाला फोड येतो, म्हणून टाक्याला टाका जोडून सपाट बंद करायची पद्धत तेव्हा घरोघर गेली. तिला सेनापती किचनर यांचं नाव मिळालं ते आजतागायत. हौसेला मात्र तिथे वाव नव्हता. लोकर राखाडी नाहीतर खाकी.

आपल्या देशातली बैठक बघायची तर हिमाचलमधल्या लाहौलमध्ये. १८५० च्या दशकात मोरावियन पंथाचे मिशनरी केलाँगला येऊन राहिले. त्यांच्यातल्या मरिया हायडे यांनी तिथल्या बायकांसाठी विणकामाची शाळा चालवली. धर्म फार कुणी घेतला नाही, मोजे मात्र घेतले. बर्फाने वाट बंद झाल्यावर महिनोन्‌महिने घरात बसून करायला याहून चांगलं काम कुठलं? आज लाहौली मोज्या-हातमोज्यांना भौगोलिक मानांकन आहे. मनालीला जाऊन आलेल्या किती तरी मराठी घरांत असा एखादा भडक रंगाचा, नक्षीदार जोड कपाटात पडून असेल. मुंबईत तो घालायचा कधी, हा प्रश्न वेगळा.

रंगाऱ्याच्या नशिबी अशी बैठक नव्हती. खेड्यापाड्यांत बायका कांद्याच्या सालीत, झाडाच्या सालीत थोडंफार सूत रंगवून घेत, पण पक्का, उठावदार रंग हवा तर रंगाऱ्याकडेच जावं लागे. निळ्या रंगाचं पिंप आंबवायला शिळं मूत्र वापरत आणि वोडची पानं कुजवताना असा दर्प सुटे, की पहिल्या एलिझाबेथ राणीने आपल्या राजवाड्यांच्या कित्येक मैलांच्या परिसरात ते काम करायला बंदी घातली होती. लंडनच्या रंगाऱ्यांच्या संघाला सनद मिळाली १४७१ साली, म्हणजे धंदा किती बंदिस्त होता ते कळतं. डेंटशेजारच्या केंडल गावचं हिरवं कापड प्रसिद्ध होतं. आधी पिवळ्यात आणि मग निळ्यात बुडवून ते हिरवं करत. आपल्याकडेही दख्खनेत निळीचं काम निराळी लोकांचं आणि बाकीचे रंग रंगाऱ्यांचे. एका घरात दोन्ही पिंपं क्वचितच.

ही भिंत पाडली रसायनशास्त्राने. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन घरच्या प्रयोगशाळेत क्विनाइन बनवायला गेला आणि हाती आला जांभळा रंग. पुढे कृत्रिम रंगांची रीघ लागली. १८८० च्या दशकात अमेरिकेत 'डायमंड डाइज' च्या पुड्या दुकानांत आल्या आणि रंगाचं काम पुडी फोडून पातेल्यात टाकण्याइतकं सोपं झालं. लोकरीच्या बाबतीत तर फारच सोपं. लोकरीसाठी वापरतात त्या रंगांचं ॲसिड डाय हे नाव भीतिदायक असलं तरी त्यातलं आम्ल म्हणजे व्हिनेगर किंवा लिंबाचं फूल. आम्लाच्या पाण्यात लोकरीतल्या प्रथिनांवर धन विद्युतभार येतो, रंगाचे रेणू ऋणभाराचे असतात, उष्णतेने दोघांची पकड बसते. पाणी नितळ होतं ते यामुळे. अमेरिकेत तर कूल-एड या सरबताच्या बिनसाखरेच्या पुडीनेही लोकर रंगवतात, कारण तिच्यात रंग आणि आम्ल दोन्ही तयारच असतात.

उरली अडचण मोज्याची. लोकर गरम पाण्यात चोळली की आटून नमदा होते, आणि मोजा तर रोज धुवायचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंतूवरचे खवले क्लोरीनने बोथट करून वर राळेचा पातळ थर द्यायची प्रक्रिया आली. त्या 'सुपरवॉश' लोकरीत साधारण पाव हिस्सा नायलॉन घातलं, की टाच लवकर झिजत नाही. शिवाय ही लोकर रंग अधिक पटकन आणि गडद घेते. १०० ग्रॅमची लडी, सुमारे ४०० मीटर धागा, एका जोडाला पुरून उरतो. २००७ साली रॅव्हलरी हे विणकरांचं संकेतस्थळ सुरू झालं आणि घरच्या गॅसवर रंगवलेल्या लड्या जगभर विकल्या जाऊ लागल्या.

हाताने रंगवलेल्या लडीची एक खोड आहे. ६४ टाक्यांवर विणताना रंगाचे पट्टे छान गोल फिरतात, टाचेपाशी टाके बदलले की सगळे एका बाजूला गोळा होऊन डबकं करतात. दुसऱ्या मोज्यात ते डबकं भलतीकडेच. डेंटच्या व्यापाऱ्याने असा जोड तोंडावर फेकला असता. आता त्या डबक्यांसाठीच हौसेने लड्या रंगवतात. पातेलं तेवढं वेगळं ठेवायचं. आमच्यातल्या एकीने त्याच्या कानाला लाल नेलपॉलिश फासून ठेवलंय, चुकून कुणी त्यात आमटी करू नये म्हणून.