गाडी लहान होते, धूळ होत नाही

वॅप-७ इंजिन सगळ्यांनी बघितलंय, नाव माहीत नसेल तरी बघितलंय, लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांना हल्ली तेच लागलेलं असतं. वजन १२३ टन. आता मॉडेल ट्रेनचं जगात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ, त्यात सगळं ८७ पटीने लहान करतात. तर त्या मापात वॅप-७ चं वजन किती व्हायला पाहिजे? मी हे घरी येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला विचारतो आणि बहुतेक जण लगेच १२३ भागिले ८७ करतात, उत्तर येतं चौदाशे किलो. म्हणजे टेबलावर ठेवलेल्या २३ सेंटीमीटरच्या इंजिनाचं वजन एका मोटारीपेक्षा जास्त!

चूक कुठे होते तर ८७ पट फक्त लांबी कमी होत नाही, रुंदी पण ८७ पट आणि उंची पण ८७ पट कमी होते. म्हणून वजनाला ८७ ने तीनदा भागायचं, म्हणजे ६,५८,५०३ ने. उत्तर येतं १८७ ग्रॅम, एका सफरचंदाएवढं. हा भागाकार मी पहिल्यांदा वहीत केला तेव्हा मला ह्या छंदाचा खरा नाद लागला, कारण त्यानंतर रुळावर जे जे बिघडायचं त्याचं कारण ह्या एका हिशोबात सापडायला लागलं. लांबी एका हिशोबाने कमी होते, क्षेत्रफळ दुसऱ्या, वजन तिसऱ्या, आणि काही गोष्टी तर अजिबात कमी होत नाहीत. गुरुत्वाकर्षण तेवढंच राहतं, हवेतला दमटपणा तेवढाच, धुळीचा कण तेवढाच.

डब्याचं बघा. आपल्या लाल एलएचबी डब्याचं वजन साधारण ४० टन, म्हणजे मॉडेल ६१ ग्रॅमचं पाहिजे. तसा डबा बनवून रुळावर सोडला तर रुळाच्या प्रत्येक जोडावर उडतो, सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथे, तर हमखास उतरतो. अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांच्या संघटनेने ह्यासाठी एक साधा नियम करून ठेवलाय, सुरुवातीला २८ ग्रॅम आणि मग लांबीच्या प्रत्येक इंचामागे १४ ग्रॅम. एलएचबीचं मॉडेल होतं जवळपास ११ इंच, म्हणजे वजन १८० ग्रॅम, हिशोबाच्या तिप्पट. म्हणूनच जाणकार माणूस नवा डबा घेतला की आधी वजनकाट्यावर ठेवतो आणि आत तळाशी शिशाची नाहीतर लोखंडाची पट्टी चिकटवतो. तळाशीच चिकटवायची, वर नाही, कारण गुरुत्वमध्य खाली असला की डबा वळणावर कलंडत नाही.

आता इंजिन. खऱ्या वॅप-७ ला १२ चाकं, म्हणजे एका चाकावर सव्वादहा टन, आणि तो सगळा भार रुळाला टेकतो साधारण नखाएवढ्या जागेवर. मध्ये वाळूचा कण आला तर त्याचं पीठ होतं. मॉडेलचं इंजिन मुद्दाम जड बनवतात, समजा ३६० ग्रॅमचं केलं तरी एका चाकावर येतात ३० ग्रॅम. दहा टन कुठे आणि तीस ग्रॅम कुठे! आणि ह्या तीस ग्रॅमच्या जोरावर दोन कामं करायची असतात, एक म्हणजे रुळाला पकड घेऊन गाडी ओढायची आणि दुसरं म्हणजे रुळातून वीज उचलायची. खऱ्या इंजिनाला वीज वरून मिळते, २५,००० व्होल्ट, पँटोग्राफमधून, रुळातून ती फक्त परत जाते. मॉडेलमध्ये एक रूळ प्लस आणि एक मायनस, १२ व्होल्ट, आणि चाकाचा रुळाला होणारा तेवढासा स्पर्श हाच स्विच.

आणि इथे धूळ येते. तुमचा-माझा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, तो एचओच्या रुळावर पडला तर खऱ्या रुळावर ६ मिलिमीटरची दोरी पडल्यासारखं झालं, आणि वरून दाबायला दहा टन नाहीत, तीस ग्रॅम आहेत. चाक जरासं उचललं जातं, स्पर्श तुटतो, तुटताना बारीकशी ठिणगी पडते, त्या ठिणगीने धातू काळा पडतो, तो काळा थर वीज नीट जाऊ देत नाही म्हणून अजून ठिणग्या, अजून काळं. माझा लेआउट, म्हणजे रूळ मांडलेलं टेबल, खिडकीजवळ आहे आणि खाली रस्ता आहे, दोन आठवडे गाडी चालवली नाही की रुळावरून बोट फिरवलं तर काळी रेघ उमटते. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं, एवढंच. सँडपेपर कृपा करून वापरू नका, त्याने रूळ लगेच चकाकतो हे खरं पण बारीक चरे पडतात आणि पुढची घाण त्या चऱ्यांमध्येच जाऊन बसते.

पकड कमी पडते त्यावर कंपन्यांनी उपाय काढलाय ट्रॅक्शन टायर, म्हणजे एक-दोन चाकांवर रबराची बारीक रिंग बसवतात. चढावर फरक कळतो. पण रबरातून वीज जात नाही, म्हणजे वीज उचलणारी चाकं तेवढी कमी झाली. एक वाढवलं की दुसरं घटतं, ह्यातून सुटका नाही.

डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, आल्यावर हा प्रश्न अजून नाजूक झाला. जुन्या पद्धतीत व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलायचा, त्यामुळे एका रुळावरच्या दोन गाड्या एकदमच पळायच्या. डीसीसीत रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतं, त्याची दिशा सारखी उलटसुलट होत असते आणि त्या उलटण्याच्या वेळेतच निरोप दडवलेला असतो. ५८ मायक्रोसेकंदात उलटलं तर एक, १०० किंवा जास्त लागले तर शून्य. प्रत्येक इंजिनात एक डिकोडर, त्याला स्वतःचा नंबर, आपला नंबर ऐकला की तो हुकूम पाळतो, बाकीचे गप्प. मला हे आजही फार सुंदर वाटतं, वीज आणि निरोप एकाच रुळातून. पण डिकोडर म्हणजे छोटा कॉम्प्युटरच, क्षणभर वीज गेली तर गोंधळतो, म्हणून त्याच्यासोबत थोडी वीज साठवणारा एक कपॅसिटर जोडतात, तो मधले ते क्षण सांभाळून घेतो. साध्या इंजिनात तेच काम पितळेचं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, करतं, मोटरच्या दांड्यावर फिरत राहतं आणि गाडीला त्या मेलेल्या तुकड्यावरून पुढे ढकलतं.

वेगाचं तर अजून मजेशीर आहे. ताशी ११० किलोमीटरला ८७ ने भागलं की सेकंदाला ३५ सेंटीमीटर येतात. एवढ्या वेगाने चालवली की गाडी अगदी खरी वाटते, बरेच जण तिप्पट वेगाने पळवतात आणि मग ती खेळणं वाटते. पण हीच गाडी पुलावरून खाली पडली तर? पडणं गुरुत्वाकर्षणाच्या हातात आहे आणि ते लहान झालेलं नाही. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, ८७ चं वर्गमूळ साधारण ९.३, म्हणजे मॉडेलचा डबा खऱ्या डब्यापेक्षा नऊ पट कमी वेळात खाली. म्हणून मॉडेल वापरून अपघाताचं शूटिंग करायचं तर कॅमेरा तेवढ्या पटीने जलद चालवून नंतर सावकाश दाखवावं लागतं. फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोमध्ये करून बघा, डबा बऱ्यापैकी जड असल्यासारखा पडतो. फक्त त्याच व्हिडिओत ३५ सेंटीमीटरने चालणारी गाडी रांगताना दिसेल. चालणं आणि पडणं दोन्ही एकाच वेळी खरं दिसत नाही.

जागेचा प्रश्न सगळ्यांना असतो. २२ डब्यांची गाडी इंजिन धरून साधारण ५५० मीटर, एचओमध्ये सव्वासहा मीटर, म्हणजे नुसता प्लॅटफॉर्मच आपल्या हॉलच्या बाहेर जातो. ब्रॉडगेजचं सगळ्यात तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं, त्याचे होतात २ मीटर, म्हणजे पूर्ण गोल करायला चार मीटर रुंद खोली. दुकानात मिळणारं लहान वळण ३६ सेंटीमीटर त्रिज्येचं असतं, खऱ्यात ते झालं ३१ मीटर, तिथे खरी एक्सप्रेस वळूच शकणार नाही. मॉडेल वळतं कारण बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, जास्त फिरेल अशी बसवतात आणि चाकाची आतली कड, फ्लँज, प्रमाणापेक्षा मोठी ठेवतात. आणि चढ? बोर घाटाचा चढ ३७ ला १. एका रुळाच्या डोक्यावरून दुसरा रूळ न्यायला ८ सेंटीमीटर उंची लागते, म्हणजे बोर घाटाच्या चढाने जायचं तर ३ मीटर लांबी. तिथे खरी गाडी मागून बँकर इंजिनं लावून चढते, आणि आपण घरात त्याहून तीव्र चढ देऊन गाडी घसरते म्हणून वैतागतो! पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्यूझियम आहे, १९९८ पासून, तिथे गेलात तर गाड्या बघाच पण वळणं आणि चढ कुठे कसे लपवलेत ते जास्त बघा.

जुन्या गाड्या जमवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाआधीची बरीच मॉडेलं जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली आहेत, १९३८ ला आलेल्या हॉर्नबी डब्लोचे सुरुवातीचे भाग पण. त्या जस्तात अगदी किंचित शिसं मिसळलं गेलं असेल तर धातूच्या कणांच्या सीमांवरून गंज आत शिरतो, भाग फुगतो, भेगा पडतात आणि एक दिवस बिस्किटासारखा चुरा होतो. जर्मनीत ह्याला जस्ताचा प्लेगच म्हणतात. हा एका मॉडेलकडून दुसऱ्याला लागत नाही पण बरा पण होत नाही, आणि दमट हवेत जोरात वाढतो, म्हणजे मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात. १९२९ मध्ये अमेरिकेत अतिशुद्ध जस्ताचा झमॅक मिश्रधातू निघाला त्याने हे थांबवता येतं हे कळलं, पण कारखान्यात भंगार मिसळलं की पुन्हा तेच. घेताना भिंगातून कोपरे बघा, बारीक केसासारख्या भेगा दिसल्या किंवा सरळ असायला हवी ती कड वाकलेली दिसली तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या.

आणि आपल्या रेल्वेची मॉडेलं करताना एक अडचण कायम नडते. एचओचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिलिमीटर, ते युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून आलंय. आपलं ब्रॉडगेज १६७६, त्याला ८७ ने भागलं की १९.२६ येतात. म्हणजे वॅप-७ चं मॉडेल तयार रुळावर ठेवलं की खालून ते पावणेतीन मिलिमीटर अरुंद उभं असतं, समोरून बघितलं की डोळ्याला खुपतं. रूळ हाताने टाकायचा तर सांधे, चाकं सगळंच हाताने करावं लागतं.

पण बार्शी लाइट रेल्वेचं माप जमतं. १८९७ ला सुरू झालेली आपली जुनी छोटी लाइन, गेज ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ केलं तर ८.७६, आणि एचओपेक्षा लहान असलेल्या एन मापाचा तयार रूळ मिळतो ९ मिलिमीटरचा. फरक फक्त पाव मिलिमीटर. चाकं, मोटर, बोगी एन मापाची तयार घ्यायची, वरची बॉडी एचओत स्वतः बनवायची, आणि छोटी लाइन असल्यामुळे गाडी पण चार डब्यांची आणि वळणं पण तीव्र चालतात. दीड मीटर लांब फळीत एक अख्खं स्टेशन बसतं. माझी फळी कापून झालीये, ह्या पावसाळ्यात तिला ओल लागू नये म्हणून दोन्ही बाजूंनी वॉर्निश मारतोय.